वरच्या घरातली धपधप खाली कशी येते आणि ती कुठे अडवता येते

मुंबईत फ्लॅट घेताना माणूस पाणी किती तास येतं ते विचारतो, पार्किंगचं विचारतो, स्टेशनचं अंतर तर स्वतः चालून बघतो. वर कोण राहतं हे मात्र राहायला गेल्यावरच कळतं, तेही कानांनी. कोण टाचा आपटत चालतं, कोणाकडे रात्री अकराला जेवणं होतात, कोणाचं वॉशिंग मशीन पहाटे फिरतं, याची बित्तंबातमी खालच्या घराला असते. वैताग वाढला की पहिला फोन जातो तो फॉल्स सीलिंगवाल्याला. माझ्या मते तो फोन सगळ्यात शेवटी करावा. का, ते समजण्यासाठी आवाज वरून खाली नेमका कसा उतरतो हे आधी बघू.

बोलण्याचा आवाज वेगळा, आपटण्याचा वेगळा

वर कोणी बोललं किंवा टीव्ही लावला की आधी हवा हलते. ती हलणारी हवा स्लॅबवर आदळते, स्लॅब किंचित थरथरतो आणि ती थरथर खालच्या हवेत उतरते. या प्रवासात स्लॅबचं वजन आडवं येतं. आपल्याकडच्या साध्या इमारतींत आरसीसी स्लॅब साधारण पाच इंच, म्हणजे १२५ मिलिमीटर जाड असतो. अशा एका चौरस मीटर स्लॅबचं वजन ३०० किलोच्या आसपास भरतं. वरचा माल आणि लादी धरली तर आणखी जास्त. एवढं ओझं नुसत्या हवेला हलवता येत नाही. बोलण्याचा आवाज त्यातून येताना पन्नासेक डेसिबलने घटतो, आणि साधं बोलणं मुळात साठच्या आसपासच असतं. म्हणजे खाली जवळपास काहीच उरत नाही.

म्हणून वरच्यांचं भांडण शब्दन्‌शब्द कळत असेल तर संशय स्लॅबवर घेऊ नका. तो आवाज त्यांच्या खिडकीतून बाहेर पडून तुमच्या खिडकीतून आत आलेला असतो, नाहीतर बाथरूमच्या डक्टमधून, नाहीतर एसीच्या पाइपासाठी पाडलेल्या आणि नंतर कोणी नीट न बुजवलेल्या भोकातून. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या फक्त एक टक्का जागा उघडी राहिली, तरी बाकीची भिंत कितीही भक्कम असो, एकूण आवाज वीस डेसिबलपेक्षा जास्त अडत नाही. अशी भोकं बुजवणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

चालणं, खुर्ची सरकवणं, लाटणं हातातून पडणं, नारळ फोडणं यांचं गणित वेगळं. इथे हवा मध्ये येतच नाही; मार थेट स्लॅबला बसतो. व्हिट्रिफाइड टाइल कडक, तिच्याखालचा सिमेंटचा माल कडक, त्याखालचा स्लॅब कडक, आणि तिन्ही एकमेकांना घट्ट चिकटलेले. मऊ असं मध्ये काहीच नाही. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, काँक्रीटमध्ये ३,००० मीटरच्या वर, आणि वाटेत फारसा विझतही नाही. स्लॅबमधून तो बीममध्ये जातो, बीममधून कॉलममध्ये, तिथून तुमच्या बेडरूमच्या भिंतीत. मग छतच काय, भिंतीसुद्धा वाजायला लागतात.

त्यामुळे ज्याच्यावर तुमचा राग आहे तो माणूस बरोबर डोक्यावरच राहतो असंही धरून चालू नका. हल्लीचे पुनर्विकासाचे टॉवर बहुतेक ॲल्युमिनियमच्या साच्यात, ज्याला साइटवर सगळे मायवान म्हणतात त्या पद्धतीने बांधतात. भिंती आणि स्लॅब एकाच वेळी ओततात, मध्ये सांधा राहत नाही. काम झपाट्याने होतं, गळती कमी राहते. पण नवव्या मजल्यावर कोणी हॅमर ड्रिल लावलं की चौथ्या मजल्यावरच्याला वाटतं ते शेजारच्याच खोलीत चाललंय. गिरगाव-परळकडच्या जुन्या लाकडी तुळयांच्या चाळींत उलटी अडचण. तिथे जमीन हलकी असल्यामुळे वरच्यांचं चालणं आणि बोलणं, दोन्ही खाली पोहोचतं.

घरंगळणाऱ्या गोट्यांचंही तसंच. रात्री वर कोणी गोटी टाकली आणि ती घरंगळत गेली, असा आवाज मुंबईत असंख्य घरांत येतो. वरचा फ्लॅट कुलूपबंद असला तरी येतो, आणि मग सोसायटीत भुताच्या गोष्टी सुरू होतात. वाहत्या पाण्याचा नळ झटकन बंद झाला की पाइपातलं पाणी एकदम अडतं, दाबाचा धक्का मागे फिरतो आणि पाइप भिंतीला ठोकर देतो. अशा आवाजाचं हे एक नेहमीचं कारण. भांडायला वर जाण्याआधी वरचे घरात आहेत का, एवढं तरी बघावं.

मार बसतो तिथेच मऊ थर

आपल्या स्वयंपाकघरांत खलबत्त्याखाली गोणपाट किंवा जुन्या लुगड्याची घडी ठेवायची रीत होती. आघाताच्या आवाजाचं सगळं शास्त्र त्या घडीत आहे: जिथे मार बसतो तिथेच, कडक पृष्ठभागाच्या आधी, मऊ थर द्यायचा. एकदा धक्का काँक्रीटमध्ये शिरला की त्याला पकडणं महाग पडतं, कारण तोपर्यंत तो चारही दिशांना पांगलेला असतो. वरच्या घरात पाच मिलिमीटर रबर जे काम करतं, ते खालच्या घरात सहा इंच जागा खाऊनही पुरतं होत नाही.

अडचण एवढीच, की रबर त्यांच्या घरात लावायचं आणि झोप आपली वाचायची.

म्हणून पहिला खर्च स्वतःच्या घरावर करू नका, वरच्यांच्या खुर्च्यांवर करा. हे मी गमतीने सांगत नाही. डायनिंग टेबलाच्या खुर्च्यांच्या पायांना लावायच्या रबरी टोप्या किंवा फेल्टच्या चकत्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. जाड रबरी शीट हवी असेल तर मशीद बंदरची नागदेवी स्ट्रीट आहेच. त्या घेऊन वर जावं आणि म्हणावं, ‘काकू, रात्री खुर्च्यांचा आवाज खाली फार येतो हो, ह्या टोप्या आणल्यात, मीच लावून देऊ का?’ हातात वस्तू घेऊन गेलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. तक्रार घेऊन गेलेल्याला ‘आता घरात चालायचंही नाही का?’ हे उत्तर तयार असतं, आणि खरं सांगायचं तर ते अगदीच चुकीचं नसतं. वरच्यांना स्वतःच्या पावलांचा तो आवाज ऐकूच येत नाही. त्यांना एकदा खाली चहाला बोलवा आणि त्यांच्याच मुलाला वर नेहमीसारखं चालायला सांगा. याचा परिणाम चिठ्ठ्यांपेक्षा जास्त होतो.

टोप्यांनी खुर्चीचं खरखरणं जवळजवळ पूर्ण थांबतं. लाटणं, चमचा, खेळण्यातली गाडी यांचा टणत्कार सतरंजीने किंवा मुलांच्या फोमच्या मॅटने बराच मरतो. हे सगळे चढ्या पट्टीचे आवाज, आणि चढ्या पट्टीला पातळ मऊ थर पुरतो. टाचेची धप मात्र खालच्या पट्टीची, शे-सव्वाशे हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या) खालची असते. ती पातळ गालिचा ओलांडून जाते. अनवाणी टाच टेकवत चालणारा माणूस सतरंजीवरही धपधपतोच. त्याला घरात घालायच्या जाड, मऊ तळाच्या स्लिपर खऱ्या उपयोगाच्या. कडक तळाची चप्पल नको, तिची टकटक वेगळी सुरू होते.

वॉशिंग मशीनची तऱ्हा आणखी निराळी. कपडे पिळताना ड्रम मिनिटाला हजार-बाराशे फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला सतरा ते वीस. ही थरथर कानाला फारशी ऐकू येत नाही, पलंगात जाणवते. बाजारात मिळणारे कडक रबरी पाय इतक्या संथ कंपनाला फारसे अडवत नाहीत. त्याआधी मशीनचे चारही पाय जमिनीला सारखे टेकलेत का ते बघायचं. बहुतेक घरांत एक पाय अधांतरी असतो. मग मशीन खोलीच्या मध्यापासून हलवून कोपऱ्यात, कॉलम-बीमच्या जवळ आणायचं. स्लॅब मध्यभागी जास्त लवतो, कडेला कमी.

मोबाइलवरचं मीटर काय सांगत नाही

बरेच जण मोबाइलवर डेसिबल मोजतात, पडद्यावर ३५ किंवा ३८ दिसतं आणि घरचेच म्हणतात, ‘एवढं तर काहीच नाही.’ ही मीटरं सहसा आवाजाला ‘ए’ पद्धतीचा भार लावून आकडा देतात. ही पद्धत माणसाच्या कानाची नक्कल करते: खालच्या पट्टीतले आवाज मुद्दाम कमी धरते. १०० हर्ट्झला ती सुमारे १९ डेसिबल वजा करते, ५० हर्ट्झला ३०. टाचेची धप नेमकी याच पट्टीत येते. शिवाय धप क्षणभराची आणि आकडा सरासरीचा. त्यामुळे मीटर शांतता दाखवतं आणि तुम्ही छताकडे बघत जागे राहता. दोन्ही खरं असतं.

डेसिबलबद्दल आणखी एक गोष्ट माहीत असलेली बरी, कारण कंत्राटदार टक्क्यांत बोलतात. आवाज कानाला निम्मा वाटायला साधारण दहा डेसिबलची घट लागते. ‘८० टक्के साउंडप्रूफ’ याचा अर्थ ८० टक्के ऊर्जा अडली असा घेतला, तर ती घट होते सात डेसिबल. म्हणजे निम्माही नाही. टक्के सांगणाऱ्याला कुठल्या पट्टीत किती डेसिबल, एवढं विचारा. बहुतेक वेळा संभाषण तिथेच संपतं.

फॉल्स सीलिंग करायचंच असेल तर

वरचे अजिबात ऐकणारे नाहीत, किंवा ऐकतात पण घरात दोन वर्षांचं मूल आहे आणि ते धावणारच, अशा वेळी विषय आपल्या छतावर येतो. इथे एक धोका आहे आणि तो फारसं कोणी सांगत नाही: चुकीचं फॉल्स सीलिंग धप वाढवू शकतं.

स्लॅब आणि खालचा बोर्ड यांच्यामध्ये कोंडलेली हवा स्प्रिंगचं काम करते. वर जड स्लॅब, मध्ये हवेची स्प्रिंग, खाली हलका बोर्ड. या जोडगोळीची स्वतःची एक पट्टी असते आणि त्या पट्टीचा आवाज आला की ती अडवण्याऐवजी साथ देते. १२.५ मिलिमीटरचा एकच जिप्सम बोर्ड स्लॅबखाली जेमतेम २० मिलिमीटर फट ठेवून मारला, तर ही पट्टी १३५ हर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे धपेच्या दारातच. फट १०० मिलिमीटर केली आणि बोर्डाचे दोन थर लावले, तर ती ४५ हर्ट्झपर्यंत उतरते आणि तिच्या बरंच वर गेल्यावर खरी अडवणूक सुरू होते. उंची वाचवायची म्हणून छताला चिकटून केलेलं सीलिंग म्हणूनच पैसे वाया घालवतं. आपल्या खोल्यांची उंची नऊ-साडेनऊ फूट, त्यातले सहा इंच द्यायची तयारी नसेल तर हा बेत सोडलेला बरा.

तयारी असेल तर काम असं होतं. लोखंडी चॅनेल स्लॅबला थेट ठोकायचे नाहीत, रबर किंवा स्प्रिंग असलेल्या हँगरवर टांगायचे. साध्या पीओपी सीलिंगमध्ये स्लॅब आणि बोर्ड यांना पत्र्याची कडक पट्टी जोडते आणि धक्का त्या पट्टीवरून आरामात उतरतो, म्हणून सगळी मदार या हँगरवर. पोकळीत रॉकवूल किंवा ग्लासवूल, म्हणजे दगडाच्या किंवा काचेच्या तंतूंची लोकर भरायची, ठासून नव्हे, सैलसर. तिचं काम पोकळीतला घुमारा पिणं एवढंच. बोर्डाचे दोन थर, वरच्याचे सांधे खालच्याच्या सांध्यांवर येऊ न देता. आणि बोर्ड भिंतीला टेकवायचा नाही: चारही बाजूंनी चार-पाच मिलिमीटर फट ठेवून ती कायम लवचिक राहणाऱ्या सीलंटने भरायची. कारागीर इथे हमखास पीओपीचा हात मारतो, कारण त्याला सांधा सफाईदार दिसायला हवा असतो. काम चालू असताना तुम्ही हजर राहायचं ते याच दिवशी.

मग पंखा. मुंबईत छताच्या पंख्याशिवाय खोली कल्पनेतही येत नाही. पंख्याचं वजन स्लॅबमधल्या हुकवरच राहिलं पाहिजे, त्याचा दांडा सीलिंगमधून मोकळा उतरला पाहिजे आणि दांड्याभोवतीची फट मऊ मालाने बुजवली पाहिजे. सीलिंगमध्ये खोचलेले गोल दिवे तर विसराच. प्रत्येक दिवा म्हणजे एक भोक. दिवे बाहेरून बसवायचे किंवा भिंतीवर लावायचे.

वजनाचाही विचार करा. दहा बाय बाराच्या खोलीत दोन थरांचे बोर्डच दोनशे किलोच्या आसपास जातात. स्लॅब धड असेल तर हे काहीच नाही. पण समुद्राच्या खाऱ्या हवेत सळया गंजतात, फुगतात आणि प्लास्टर सुटायला लागतं. तीस वर्षांपुढच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे ते उगीच नाही. छताला पोपडे किंवा सळईच्या रेषेत तडे दिसत असतील तर आधी ते काम, सीलिंग नंतर. वरच्यांच्या बाथरूमखाली तर बंद सीलिंग करूच नये. गळती सुरू झाली की लोकर पाणी पीत राहते आणि तुम्हाला कळतं ते बोर्ड फुगल्यावर. तिथला त्रास सहसा सांडपाण्याच्या पाइपाचा असतो. पीव्हीसीचा पाइप जुन्या बिडाच्या पाइपापेक्षा जास्त खळखळतो. त्याला ग्लासवूल आणि वरून जड विनाइलचं आवरण गुंडाळलं की बराच फरक पडतो.

एवढं करून मिळतं काय? खरखर, टणत्कार, वरच्या टीव्हीची गुणगुण स्पष्ट कमी होते. धप सौम्य होते, जात नाही, कारण भिंतींतून येणारा हिस्सा तसाच राहतो. कोणी ‘काहीच ऐकू येणार नाही’ असं सांगत असेल तर त्याला खोलीच्या आत सगळीकडून सुटी दुसरी खोली बांधायची आहे. रेकॉर्डिंग स्टुडिओ तसेच बांधतात. वन बीएचकेत ते कोणी करत नाही.

भिंतीवर चिकटवायच्या काळ्या फोमच्या लाद्या, अंड्यांचे ट्रे, ‘साउंडप्रूफ’ वॉलपेपर आणि रंग: वरच्यांच्या आवाजासाठी शून्य. फोम तुमच्याच खोलीतला घुमारा कमी करतो, बाहेरचं काही अडवत नाही.

शांतता वाढली की धप वाढते

रस्त्याच्या हॉर्नला कंटाळून लोक दुहेरी काचेच्या खिडक्या बसवतात आणि महिनाभराने म्हणतात, वरचे हल्ली फार आवाज करतात. वरचे पूर्वीइतकाच करत असतात. आधी तो रहदारीच्या गोंगाटाखाली दबलेला होता, आता उघडा पडला. डिसेंबर-जानेवारीत पंखा बंद झाला की हेच होतं. याचाच उलटा उपयोग करता येतो: पंखा एक घर वाढवणं, एसी फॅन मोडवर ठेवणं, किंवा पावसासारखा एकसुरी आवाज हळू लावून ठेवणं. झोप मोडते ती शांततेतून अचानक उठलेल्या आवाजाने. खाली एकसारखा आवाज असेल तर ती उडी लहान होते. पलंग वरच्यांच्या डायनिंग टेबलाखालून किंवा नेहमीच्या ये-जा करायच्या वाटेखालून दुसऱ्या खोलीत नेणं हाही फुकटचा उपाय. वरच्यांनी स्वयंपाकघर हलवून तुमच्या बेडरूमवर आणलं असेल, तर त्या बदलाला परवानगी होती का हे सोसायटीला जरूर विचारा.

कायद्याची मदत या विषयात तोकडी आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, पण ती परिसरातल्या आवाजाची. मध्यरात्री स्पीकर लावला तर पोलिसांना जरूर बोलवा. टाचा आणि खुर्च्या त्या चौकटीत बसत नाहीत. सेक्रेटरी फार तर ठोकाठोकीच्या वेळा ठरवून देईल.

सोसायटीचा खरा उपयोग होतो तो कोणी घराचं नूतनीकरण काढतं तेव्हा. वरचे लादी बदलायला एनओसी मागतात, त्या वेळी नव्या लादीखाली रबराचा किंवा फोमचा पाच-दहा मिलिमीटरचा थर घालायची विनंती करा, हवं तर त्या थराचे पैसे तुम्ही द्या. सीलिंगपेक्षा कितीतरी स्वस्तात सुटाल. थर भिंतीच्या कडेनेही लादीच्या उंचीपर्यंत वर वळवायला हवा, नाहीतर लादी भिंतीला टेकून धक्का तिकडून पाठवते. जुन्या लादीवरच नवी लादी चिकटवली तर फायदा काही नाही, कडकपणा तेवढा वाढतो. आणि इमारत पुनर्विकासाला निघाली असेल तर बिल्डरच्या सुविधांच्या यादीत टाइलचा आकार, नळांची कंपनी, लिफ्टचा वेग सगळं असतं, लादीखालच्या थराचा उल्लेख नसतो. करारावर सह्या होण्याआधीच्या सर्वसाधारण सभेत तो मुद्दा मांडा आणि यादीत लिहून घ्या, जाडीसकट.